वर्षभरात थांबवलेली लस आणि तिच्यामागचा डॉक्टर : आल्बर्ट कापिकियन

धागाकर्ता : निरभ्र

लस शोधणाऱ्यांच्या गोष्टी आपण बहुतेक एकाच साच्यातल्या ऐकतो. साथ येते, कुणीतरी रात्रीचा दिवस करतं, लस सापडते, मुलं वाचतात. डॉ. आल्बर्ट कापिकियन यांची कारकीर्द या साच्यात बसत नाही. पंचवीस वर्षं एकाच विषाणूचा पिच्छा पुरवल्यावर १९९८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या लशीला अमेरिकेत परवाना मिळाला, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ती बंदही झाली. डॉक्टर असून संशोधनात उतरलेल्या आणि लशीसाठी आयुष्य घातलेल्या माणसाला काय काय पेलावं लागतं, ते मला या एका कारकिर्दीतून जितकं समजलं तितकं यशस्वी लशींच्या कहाण्यांतून कधी समजलं नाही. म्हणून हा धागा.

जन्म १९३०, न्यूयॉर्क. १९५६ मध्ये कॉर्नेलमधून वैद्यकीय पदवी, आणि पुढच्याच वर्षी बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत (पुढे एनआयएच म्हणतो) संसर्गजन्य रोगांच्या प्रयोगशाळेत रुजू. तिथेच पन्नासहून अधिक वर्षं. पुढे प्रयोगशाळेचे प्रमुख झालेले रॉबर्ट चॅनॉक मुळात बालरोगतज्ज्ञ. आजारी मूल आधी आणि विषाणू नंतर, असा तिथला शिरस्ता. वॉर्डात मुलं कशाने भरती होतात ते बघायचं आणि त्या कारणाच्या मागे लागायचं.

सुरुवातीच्या दहा वर्षांतच त्यांनी लशीची काळी बाजू पाहिली. तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूवर १९६० च्या दशकात फॉर्मलिनने निष्क्रिय केलेली लस करून पाहिली होती. ती घेतलेल्या बाळांना पुढे खरा विषाणू भेटला तेव्हा आजार सौम्य व्हायच्या ऐवजी जास्तच तीव्र झाला. दोन बाळं दगावली. या चाचण्यांपैकी एकीचा १९६९ चा पेपर कापिकियन यांच्या नावावर आहे. लस चांगल्या हेतूने दिली तरी अपाय करू शकते, हे ज्याने पस्तिशीतच पाहिलं आणि लिहून ठेवलं तो माणूस पुढची चार दशकं लशींवरच काम करत राहिला. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका.

१९७० मध्ये ते काही महिने लंडनला जून अल्मेडा यांच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचं एक तंत्र शिकायला गेले. जुलाबाच्या रुग्णाच्या शौचाचा नमुना मायक्रोस्कोपखाली घेतला की दिसतो नुसता गाळ. त्यात सत्तावीस नॅनोमीटरचा कण कोणता आणि कचरा कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. अल्मेडाबाईंची युक्ती अशी, की त्याच आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला सीरम त्या नमुन्यात मिसळायचा. सीरममधल्या अँटिबॉडी फक्त त्या विषाणूलाच चिकटतात आणि त्याच्या कणांचे घोस तयार होतात. गाळात सुटा कण हरवतो, घोस मात्र नजरेत भरतो. शिवाय आजारापूर्वीच्या आणि आजारानंतरच्या सीरमची तुलना केली की हा विषाणू या माणसाच्या शरीराने ओळखलाय, हेही सिद्ध होतं.

ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली उलट्या-जुलाबाची साथ आली होती. तिच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवर कापिकियन यांनी हे तंत्र वापरलं आणि १९७२ मध्ये नॉरवॉक विषाणू जगापुढे आणला. आज ज्याला नोरोव्हायरस म्हणतात तो हाच. पुढच्या वर्षी फाइनस्टोन आणि पर्सेल या सहकाऱ्यांबरोबर हिपॅटायटिस ए चा विषाणूही याच पद्धतीने पकडला.

त्याच १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत चाकासारखा दिसणारा विषाणू सापडला, रोटाव्हायरस. कापिकियन यांच्या गटाने वॉशिंग्टनच्या मुलांच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं नमुने तपासले. जुलाबासाठी भरती होणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत हाच निघाला. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वच्छ पाणी आणि चांगली गटारं असलेल्या ठिकाणीही पाच वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला तो होऊन जातो. फरक पडतो तो सलाईन वेळेवर मिळण्यात. तेव्हा अमेरिकेत रोटाव्हायरसने वर्षाला काही डझन मुलं जात, जगात मात्र चार लाखांहून जास्त.

मग लस. या विषाणूची जनुकं अकरा वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले तर पिल्लांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. कापिकियन यांनी ऱ्हीसस माकडाचा रोटाव्हायरस घेतला. तो माणसात फारसा त्रास देत नाही. त्याचे दहा तुकडे तसेच ठेवून बाहेरच्या आवरणाचा एकच तुकडा माणसाच्या विषाणूचा बसवला. माणसातल्या चार मुख्य प्रकारांपैकी तिघांसाठी अशा मिश्र जाती केल्या. चौथ्या प्रकाराशी माकडाचा मूळ विषाणूच जुळत होता. गंभीर आजारापासून या लशीने व्हेनेझुएलाच्या चाचणीत ८८ टक्के आणि फिनलंडच्या चाचणीत ९१ टक्के संरक्षण दिलं.

१९९८ मध्ये परवाना मिळाला. जुलै १९९९ पर्यंत लशीनंतर आतडं अडकल्याच्या पंधरा घटनांची नोंद झाली आणि लसीकरण थांबवण्याची सूचना निघाली. ऑक्टोबरमध्ये शिफारस रद्द झाली आणि उत्पादकाने लस परत घेतली.

यानंतर कापिकियन आणखी जवळपास पंधरा वर्षं जगले आणि काम करत राहिले. त्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, लेख फार लांबलाय. लस थांबवली ते बरोबर झालं का, याबद्दल इथल्या डॉक्टर मंडळींचं मत वाचायला आवडेल.

— — —

बालवैद्य

उत्तम धागा. ज्यांना आतडं अडकणं म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. इंटससेप्शनमध्ये आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसा. बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग काही मिनिटं अगदी शांत होतं, मग पुन्हा रडतं. उलट्या होतात, शौचातून रक्तमिश्रित शेम पडते. लवकर ओळखलं तर गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून आतडं जागेवर आणता येतं. उशीर झाला तर शस्त्रक्रिया, आणि फारच उशीर झाला तर जिवावर बेततं.

लस नव्हती तेव्हाही हे होत होतंच. अमेरिकेत साधारण दोन हजार बाळांमागे एकाला पहिल्या वर्षात व्हायचं. म्हणजे लशीचा दोष शोधायचा तो आधीच असलेल्या गर्दीतून. तरीही तो वर्षभरात सापडला याचं श्रेय नोंदी करणाऱ्या गावोगावच्या डॉक्टरांना आहे. बहुतेक घटना पहिल्या डोसनंतर तीन ते चौदा दिवसांत झाल्या होत्या. या काळाच्या जवळिकीमुळेच संशय आला.

— — —

आकडेमोड

चाचणीतच हे का सापडलं नाही, असा प्रश्न कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहून टाकतो.

परवान्यापूर्वीच्या चाचण्यांत लस मिळालेली मुलं होती १०,०५४ आणि त्यांच्यात आतडं अडकलं ५ जणांचं. प्लासिबो (दिसायला तशीच, पण लस नसलेली मात्रा) मिळालेली मुलं होती ४,६३३, त्यांच्यात १. गुणोत्तर काढलं तर लशीच्या बाजूला दुपटीहून जास्त दिसतं, पण इतक्या लहान आकड्यांवर हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. त्यामुळे माहितीपत्रकात धोक्याची शक्यता नोंदवली गेली, पण परवाना अडला नाही. पुढे सर्वसाधारण एकमत झालं ते दहा हजारांमागे एक जादा घटना या आकड्यावर. दहा हजार मुलांच्या चाचणीत एक जादा घटना! ती ओळखणार कशी?

पुढच्या दोन लशींना, म्हणजे रोटाटेक आणि रोटारिक्सला, याची किंमत मोजावी लागली. दोघींच्या चाचण्यांत प्रत्येकी साठ-सत्तर हजार बाळं घ्यावी लागली, आणि त्याही फक्त या एका दुर्मीळ धोक्याचा छडा लावण्यासाठी. लस चालते की नाही हे कळायला इतकी मुलं लागत नाहीत, ती घातक नाही हे कळायला लागतात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात घ्यावं, कारण पैसा आणि आयुष्याची वर्षं खर्च होतात ती याच ठिकाणी.

— — —

उंबरठा

लेख चांगला आहे, पण त्याचा रोख मला पटला नाही. लस थांबवली ते योग्यच झालं. निरोगी बाळाला आपण आपल्या हाताने काहीतरी देतो आणि त्याने त्याचं आतडं अडकतं. हे आजाराने होणाऱ्या इजेसारखं नाही. अमेरिकेत रोटाव्हायरसने मरणारी मुलं थोडी होती, मग तिथे दहा हजारांत एक हा धोका कशासाठी पत्करायचा? आणि त्या वेळी लस चालूच ठेवली असती तर पालकांचा विश्वास सगळ्याच लशींवरून उडाला असता. कापिकियन यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, शास्त्रज्ञाची पंचवीस वर्षं गेली हा बाळाला धोका देण्याचा आधार होऊ शकत नाही.

— — —

निरभ्र

उंबरठा, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. माझा रोख तो नव्हताच. अमेरिकेपुरता निर्णय मलाही बरोबर वाटतो.

मला जाच होतो तो त्याच्या पुढचा. फेब्रुवारी २००० मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची बैठक झाली. प्रश्न असा, की जिथे हजारो मुलं या जुलाबाने मरतात त्या देशांत हीच लस वापरावी का? हिशेब सरळ होता. तिथे लशीने जाणारा एक जीव आणि वाचणारे जीव यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. पण जी लस अमेरिकेने आपल्या मुलांना नाकारली ती आम्ही आमच्या मुलांना द्यायची कशी, असं गरीब देशांच्या प्रतिनिधींना वाटणं स्वाभाविक होतं, आणि त्यांना कुणी दोष देऊ शकत नाही. लस तिथेही गेली नाही. सगळ्या देशांसाठी रोटाव्हायरस लशीची शिफारस आली ती २००९ मध्ये. मधली वर्षं मोजा आणि दर वर्षीचे मृत्यू आठवा. सगळे वाचले नसते हे खरं, पण पुष्कळ वाचले असते.

लशीने जे बाळ दुखावलं त्याची केस फाइल असते, त्याला नाव असतं. लस न मिळाल्याने जे गेलं त्याची कुठेच नोंद नसते. डॉक्टर म्हणून समोरचं बाळ बघायची सवय आणि संशोधक म्हणून न दिसणारी बाळं मोजायची जबाबदारी, दोन्ही एकाच माणसाने वागवायची असतात. कापिकियन यांनी ती शेवटपर्यंत वागवली असं मला वाटतं.

— — —

आकडेमोड

निरभ्र यांच्या मुद्द्याला जोड म्हणून नंतरचा एक प्रत्यक्ष अभ्यास. नव्या लशींनाही आतडं अडकण्याचा थोडा धोका आहेच, फक्त तो बराच कमी आहे. मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये तो मोजला गेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही देश मिळून वर्षाला लशीमुळे आतडं अडकण्याच्या अंदाजे ९६ घटना आणि ५ मृत्यू. आणि त्याच लशीमुळे टळलेलं काय? जुलाबाने होणाऱ्या सुमारे ८०,००० भरती आणि १,३०० मृत्यू. दोन्ही देशांनी हे आकडे उघडपणे मांडून लस चालू ठेवली. १९९९ मध्ये असा हिशेब कुणाच्याच हातात नव्हता, हेही मान्य करायला हवं.

— — —

सूक्ष्मदर्शी

मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते. मूळ लेखातला आरएसव्हीचा परिच्छेद वाचून राहवलं नाही.

ती १९६० च्या दशकातली चूक का झाली याचं उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली, आणि ते शोधणाऱ्यांत आघाडीवर होते बार्नी ग्रॅहॅम, तेही एमडी आणि पीएचडी दोन्ही केलेले डॉक्टर. विषाणूच्या अंगावरचं एफ प्रथिन पेशीला चिकटण्यापूर्वी एका आकारात असतं आणि चिकटताना उलगडून दुसऱ्याच आकाराचं होतं. विषाणूला खऱ्या अर्थाने रोखणाऱ्या अँटिबॉडी बहुतांशी पहिल्या आकाराविरुद्ध तयार होतात. फॉर्मलिनच्या लशीत पहिला आकार उरलेलाच नव्हता. त्यामुळे शरीराने अँटिबॉडी पुष्कळ बनवल्या, पण त्या कुचकामी, आणि वर फुफ्फुसात दाह वाढवणाऱ्या.

२०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन आणि ग्रॅहॅम यांच्या गटाने तो पहिला आकार पाहिला आणि तसाच गोठवून ठेवण्याची युक्ती काढली. २०२३ मध्ये आरएसव्हीच्या लशींना परवाने मिळाले ते याच पायावर. प्रथिन गोठवण्याची हीच विद्या याच दोघांनी करोना कुळातल्या मर्स विषाणूच्या स्पाइक प्रथिनावर आधीच करून पाहिली होती, म्हणून २०२० मध्ये हाताशी तयार आराखडा होता. लोकांना वाटतं लस एका वर्षात झाली. त्या एका वर्षामागे दोन बाळांचे मृत्यू आणि ते न विसरलेल्या डॉक्टरांची दोन पिढ्यांची मेहनत आहे.

ग्रॅहॅम यांच्याबद्दल आणखी एक. ते बरीच वर्षं रुग्णही तपासत होते आणि लशींच्या चाचण्याही चालवत होते. विषाणूचा रेणू समजणारी माणसं खूप भेटतात. लस टोचल्यावर खाटेवरच्या माणसाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, तो रेणूकडे वेगळे प्रश्न घेऊन जातो. मी स्वतः डॉक्टर नाही, आणि आमच्याकडच्या डॉक्टर सहकाऱ्यांचे प्रश्न ऐकताना हा फरक मला रोज जाणवतो.

— — —

पाऊलवाट

मी बालरोगशास्त्राच्या रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा दोनदा वाचला. मला लशींच्या संशोधनात जायचंय, पण घरचे आणि वरिष्ठ दोघंही म्हणतात की इतकी वर्षं वैद्यकीय शिकून आता प्रयोगशाळेत पिपेट धरणार का? पीएचडी करावीच लागते का? रुग्ण सुटतात का? बालवैद्य, सूक्ष्मदर्शी, कृपया मोकळेपणाने सांगा.

— — —

बालवैद्य

पाऊलवाट, मी चाचण्यांमध्ये अन्वेषक म्हणून बरीच वर्षं काम करतोय, तेव्हा त्या बाजूचं सांगतो.

पीएचडी केलीच पाहिजे असं नाही. कापिकियन यांच्याकडे एमडीच होती. पण साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र नीट शिकल्याशिवाय या वाटेला जाऊ नकोस. वरचे ५ विरुद्ध १ हे आकडे बघून तुझं मन काय म्हणतं आणि गणित काय म्हणतं, यातला फरक तुला स्वतःला कळला पाहिजे. दुसऱ्याने सांगून भागत नाही.

रुग्ण सुटत नाहीत, त्यांची जात बदलते. तुझ्यासमोर येणारं बाळ आजारी नसतं. धडधाकट सहा आठवड्यांचं बाळ घेऊन आई येते आणि तू तिला सांगतोस, की या दोन कुप्यांपैकी एकीत लस आहे आणि एकीत नाही, कोणत्या कुपीत काय आहे ते मलाही ठाऊक नाही. तिला हे खरोखर समजलंय ना, याची खात्री करायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी ती घरी जाऊन दोन दिवसांनी परत येते. सही झाली म्हणजे संमती झाली असं नाही. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटतं त्याने या क्षेत्रात येऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

मग पाठपुरावा. बाळ दुसऱ्या कुठल्याही कारणाने भरती झालं, अगदी न्यूमोनियाने, तरी ती गंभीर घटना म्हणून ताबडतोब कळवायची. रात्री दोनला फोन येतो, बाळ रडतंय, शौचात लाल दिसतंय. उठून जायचं, पोट तपासायचं, सोनोग्राफी करून घ्यायची. बाळाला लस मिळाली होती की प्लासिबो, हे तेव्हाही तुला माहीत नसतं. ते फक्त चाचणीबाहेरच्या स्वतंत्र देखरेख समितीला बघता येतं, आणि गरज पडली तर चाचणी थांबवण्याचा सल्ला तीच देते. आपल्याच कामाचा निकाल वर्षानुवर्षं आपल्यापासून झाकलेला असतो. याची सवय व्हावी लागते.

प्रयोगशाळेची बाजू सूक्ष्मदर्शी सांगतील.

— — —

सूक्ष्मदर्शी

पिपेट धरायला लागेलच, निदान सुरुवातीची काही वर्षं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. कापिकियन पदवीनंतर चौदा वर्षांनी, चाळिशीत, स्वतः जाऊन नवं तंत्र शिकले. अल्मेडाबाईंकडे वैद्यकीय पदवी नव्हती, त्यांनी सुरुवात केली होती ती प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ म्हणून. ज्याच्याकडे विद्या आहे त्याच्यापुढे बसून शिकायची तयारी, एवढीच अट. ती असेल तर वरिष्ठांचं मनावर घेऊ नकोस.

आणि ग्रँट मिळणं, पेपर नाकारले जाणं, बाकीचे मित्र दवाखाने थाटत असताना आपण अजून फेलोशिपवर असणं, हे सगळं आहेच. ते गृहीत धर.

— — —

रानफूल

भारतातल्या एका डॉक्टरचं नाव या धाग्यात हवंच. डॉ. महाराज किशन भान.

दिल्लीच्या एम्समध्ये ते बालरोगतज्ज्ञ. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की तिथल्या काही नवजात बाळांना रोटाव्हायरसची लागण होते, पण जुलाब होत नाहीत. दुसऱ्या कुणी हे नोंदवून सोडून दिलं असतं, कारण बाळ आजारीच नाही तर उपचार कशाचा करायचा? भान यांनी त्या बाळांवर पुढे लक्ष ठेवलं आणि दिसलं ते असं, की या बाळांना नंतर रोटाव्हायरसच्या जुलाबाचा त्रास कमी होतो. निसर्गानेच सौम्य केलेला विषाणू बाळांना आपोआप लस देत होता. तो विषाणू त्यांनी वेगळा काढला. नाव ११६ई. तपासल्यावर कळलं, की माणसाच्या या विषाणूत एक तुकडा गाईच्या विषाणूचा शिरलेला आहे. म्हणजे कापिकियन प्रयोगशाळेत जी अदलाबदल घडवत होते, ती इथे आपसूक झाली होती.

तिथून रोटाव्हॅक ही लस व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली. भारत बायोटेक, जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतले संशोधक, पाथ ही संस्था, अनेकांचे हात लागले. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. वेल्लोरच्या डॉ. गगनदीप कांग यांचं या विषाणूवरचं दीर्घ काम सगळ्यांना ठाऊक आहे. गंभीर आजारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण मिळालं. २०१६ मध्ये लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. भान २०२० च्या जानेवारीत गेले.

मला त्यांच्या कामातला सगळ्यात मोठा क्षण परवान्याचा वाटत नाही. जुलाब न झालेल्या बाळाकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं, तो वाटतो.

— — —

उंबरठा

रानफूल, माहितीबद्दल आभार. पण ५४ टक्के म्हणजे जेमतेम निम्मं. फिनलंडमध्ये ९१ आणि इथे ५४. गरिबांना दुय्यम लस दिली जातेय अशी शंका कुणी घेतली तर काय सांगाल?

— — —

आकडेमोड

शंका रास्त आहे, पण लस दुय्यम असल्याचा हा पुरावा नाही. एकच लस दोन ठिकाणी दिली तरी असाच फरक पडतो. रोटारिक्सची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि मलावी या दोन देशांत एकत्र झाली. गंभीर आजारापासून दक्षिण आफ्रिकेत ७७ टक्के संरक्षण, मलावीत ४९. कारणं अनेक मानली जातात, म्हणजे आईकडून आलेल्या अँटिबॉडी, आतड्यात आधीच असलेले इतर जंतू, कुपोषण, तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लशीशी चढाओढ.

पण आता दुसरा आकडा बघा. दर १०० बाळांना लस दिल्यावर वर्षभरात टळलेले गंभीर आजार दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७. टक्केवारी कमी, तरी फायदा जास्त, कारण मलावीत आजारच इतका जास्त होता. ४९ टक्क्यांची लस ७७ टक्क्यांच्या लशीपेक्षा अधिक मुलांना वाचवते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळून पाहिलं होतं. उंबरठा, तुम्हीही पाहा.

— — —

उंबरठा

पाहिलं. पटलं. मघाचा माझा मूळ मुद्दा मात्र कायम आहे. धोका कळल्यावर थांबणंच योग्य होतं, आणि थांबले म्हणूनच पुढच्या लशींवर लोकांनी विश्वास ठेवला.

— — —

निरभ्र

उंबरठा, त्या वाक्याचा उत्तरार्ध मीही मान्य करतो.

आता कापिकियन यांची राहिलेली पंधरा वर्षं. दोन गोष्टी घडल्या.

पहिली, त्यांनी आणि इतरांनी १९९८-९९ च्या नोंदी पुन्हा तपासल्या. आतडं अडकलेली बहुतेक बाळं पहिल्या डोसच्या वेळी तीन महिन्यांहून मोठी होती. लस नवी असल्याने मोठ्या बाळांनाही मागाहून पहिला डोस दिला गेला होता, आणि आतडं आपोआप अडकण्याचं प्रमाणही त्याच वयात वाढतं. म्हणजे लस फार लहान वयात दिली तर धोका कमी होऊ शकेल. हे नुसतं लिहून ते थांबले नाहीत. घानामध्ये सुमारे हजार बाळांना तीच माकडाच्या विषाणूची लस जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि साठ दिवसांच्या आत अशी दोनदा देण्याची चाचणी झाली. संरक्षण मिळालं सुमारे ६३ टक्के, आणि आतडं अडकण्याची एकही घटना नाही. हजार बाळांवरून त्या धोक्याबद्दल ठाम काही सांगता येत नाही, आकडेमोड यांनी वर लिहिलंच आहे. पण जगाने टाकून दिलेल्या लशीची चाचणी पुन्हा उभी करायला जी चिकाटी लागते, तिला दाद द्यावी तितकी थोडी. निकाल २०१३ मध्ये छापून आला. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. माकडाच्या विषाणूबरोबरच त्यांनी गाईच्या विषाणूवर आधारलेल्या मिश्र जातीही तयार ठेवल्या होत्या. त्यांच्यामुळे ताप कमी येत होता. एनआयएचने त्या जाती भारत, चीन, ब्राझील इथल्या उत्पादकांना वापरायला दिल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यांवरून केलेली लस म्हणजे रोटासिल. तिची चाचणी नायजरसारख्या अतिशय गरीब आणि उष्ण देशात झाली, तिथे संरक्षण ६७ टक्के, निकाल मार्च २०१७. ही लस ३७ अंश तापमानातही टिकते, त्यामुळे वीज आणि फ्रीज नसलेल्या ठिकाणी नेता येते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. म्हणजे ज्यांच्या पहिल्या लशीचं नाव आज फक्त दुष्परिणामाच्या उदाहरणात येतं, त्यांच्याच हातची दुसरी लस त्यांच्या मागे लाखो मुलांच्या तोंडात पडतेय, आणि ती देणाऱ्यांना बहुधा त्यांचं नावही माहीत नसेल.

— — —

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बालवैद्य, संमतीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वरिष्ठांनाही वाचायला दिलं. शेवटचा एक प्रश्न : रोटाव्हायरसचं काम आता संपलंय का? म्हणजे मी या विषयात यायचं म्हटलं तर करण्यासारखं काही उरलंय?

— — —

सूक्ष्मदर्शी

भरपूर. मलावीतलं ४९ टक्के हे कोडं अजून सुटलेलं नाही. तोंडावाटे द्यायच्या लशी गरीब देशांतल्या बाळांत कमी का चालतात हे ज्याला उलगडेल, त्याचा उपयोग पोलिओ आणि कॉलराच्या लशींनाही होईल.

दुसरं, जन्मल्याबरोबर द्यायची लस. रूथ बिशप यांना मेलबर्नच्या नवजात बाळांत आजार न करणारा एक विषाणू सापडला होता, भान यांना दिल्लीत सापडला तसाच. त्यावरची आरव्ही३-बीबी ही लस मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञ डॉ. ज्यूली बाइन्स यांनी पुढे नेली. इंडोनेशियातल्या चाचणीत जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या डोसांनी अठराव्या महिन्यापर्यंत ७५ टक्के संरक्षण दिलं. पहिला डोस पाच दिवसांच्या आत. आतडं अडकण्याचं वय यायच्या कितीतरी आधी. २०१८ चा तो पेपर काढ आणि बाळांची निवड कशी केली तो भाग आधी वाच. अडलं तर इथेच विचार.